खंडेनवमीचे टॅपेट

उंब्रज,
१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय धनपाल यास,

गुंडाचा जय जिनेंद्र, आणि सवयीप्रमाणे मागून रामराम. राजमतीवहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे सोयाबीन भिजलं, ऊस मात्र बरा आहे. आमच्या सयाजीला पुढच्या महिन्यात रजा मिळेल म्हणतात. फौजेतली रजा, पोरगा घरात येऊन बूट काढेल तेव्हा खरी.

खंडेनवमीला आलो नाही म्हणून तू रागावला असशील. रागवायलाच हवं. फौजेतून सुटून हायवेला गॅरेज टाकलं तेव्हापासून तुझ्या गुऱ्हाळाच्या इंजिनाचे टॅपेट खंडेनवमीला मीच लावत आलो. इंजिन हळू चालवून मी स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून मूठ कानाला लावायची, टिकटिक ऐकत फट जुळवायची, तुम्ही सगळ्यांनी श्वास रोखून उभं राहायचं, मग हळदकुंकू, नारळ, आणि दिवस मावळायच्या आत वहिनींच्या हातचं जेवण. पुढे गुऱ्हाळ संपेपर्यंत त्या कव्हरला कुणी बोट लावायचं नाही, हा तुमच्या घरचा नेम. यंदा तू कव्हर उघडून वाट बघत बसलास आणि मी फिरकलोच नाही. तुझे फोनही धड घेतले नाहीत. कामात होतो.

परवा तुझा भरतेश येऊन गेला. "काकांनी मन काढलं असंल तर आप्पा दिवाळीला करंटची मोटर बसवणार हायती, इंजिन भंगारात," असा तुझा निरोप. तो त्यानं आधी मला सांगितला म्हणे, आणि मी त्याला नुसतं "चहा घे" म्हणालो. बिचारा गोंधळून आमच्या सुनेकडे, क्रांतीकडे गेला, आणि तिच्याकडून मला कळलं.

धनपाल, इंजिन भंगारात घालू नकोस. पुढच्या सोमवारी, २८ तारखेला, आमची क्रांती येते आहे, टॅपेट ती लावेल.

आता तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. सयाजीची बायको म्हणून ती या घरात आली, पण गॅरेज तिनं स्वतःच्या हातानं घेतलं. वडूजची पोरगी. तिकडची माणसं पाणी जपून वापरतात आणि शब्दही. तिच्या वडिलांचं मळणी यंत्र होतं, त्यामुळे ग्रीसचा वास तिला नवा नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "बाई, मालकांना बोलवा." ती म्हणते, "बोलिवते की," आणि पाना घेऊन स्वतःच खाली बसते. मला तिचा फार अभिमान आहे. तिच्यासमोर बोलत नाही, डोक्यावर चढेल.

तिचा आणि माझा एकच वाद: टॅपेट किती दिवसांनी बघायचे? मी म्हणायचो, इंजिन बोललं की बघायचे. ती म्हणते, "मामा, त्ये बोलूस्तर कशाला थांबायचं? पूजा वर्साला, टॅपेट तासाला." दोनशे-अडीचशे तास चाललं की इंजिन थंड असताना कव्हर उघडायचं आणि टॅपेट नि व्हॉल्व्हमधल्या फटीत गेजची पातळ पात घालून बघायची. फट वाढली तर खडखड होते, ती निदान कळते. कमी झाली तर आवाज गोड येतो आणि आतल्या आत व्हॉल्व्ह जळतो. तुझं गुऱ्हाळ रातंदिवस चालतं, तेव्हा हंगामात दोनतीनदा तरी कव्हर उघडावं लागेल. तुमचा नेम मोडतो, हे मला कळतं. पण तिचं बरोबर आहे.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

पितृपंधरवड्यात कालगावच्या कृष्णातचं इंजिन आलं होतं. मी नेहमीसारखी मूठ कानाला लावली. टिकटिक येईना, म्हणून फट थोडी वाढवली. तरी येईना, अजून वाढवली. शेवटी कुठे बारीक टिकटिक आली, तेव्हा नट आवळला, "झकास" म्हणालो आणि चहाला गेलो. पलीकडच्या टपरीवरचे लोक वळून इंजिनाकडे का बघताहेत, ते मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गॅरेजात आलो, तर क्रांती त्याच इंजिनापुढे बसलेली. कव्हर काढलेलं, हातात गेज. मी दारातच थांबलो. तिनं सगळं नीट लावलं, कव्हर बसवलं, रॉकेलनं हात धुतले. मग कृष्णात आला, त्याला म्हणाली, "मामांनी लावलंय, बिनघोर चालवा." इतकंच माझ्यापर्यंत पोचलं, तेही तिचं तोंड माझ्याकडे होतं म्हणून.

मी कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. चाळीस वर्षांत कुणी माझी अब्रू इतक्या हळुवारपणे झाकली नव्हती.

तो गेल्यावर मी विचारलं, "व्हय गं, लय ढिलं झालतं?" ती माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "कान गेलं तर गेलं मामा, बोटं हायती की." आणि माझ्या बोटात गेज दिली. पात ओढताना जराशी अडली पाहिजे, पण अडकता कामा नये. मला जमलं, धनपाल. पण तिच्यासारखं नाही, म्हणून तिला पाठवतो.

तेव्हा गड्या, मी मन काढलं नव्हतं. फोनवर तू बोलायचास आणि मला नुसती घरघर यायची. दोनदा उचलून ठेवून दिला. डॉक्टर म्हणतात कानाला मशीन लावून फरक पडेल तेवढा पडेल, गेलेलं परत येणार नाही. हे तुला सांगायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

तू हो म्हणालास तर सोमवारी मीही तिच्याबरोबर येईन. इंजिन सुरू झालं की माझा हात त्याच्यावर ठेव. माझ्याशी बोलताना समोर बस, ओठ बघून थोडंफार कळतं. मिशी जरा कातरलीस तर उपकार होतील. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर तेही पत्रानंच कळव.

वहिनींना नमस्कार, भरतेशला आशीर्वाद.

तुझा आवाज आता आठवणीतूनच ऐकणारा,
तुझा
गुंडा