सगळं माझ्याच हातानं

सोम., ४ ऑगस्ट
वॉर्डातल्या सिस्टर सविताच्या मुलाला ताप. तिला उचगावला घरी पाठवलं, तिची ड्यूटी मीच केली. आयामावशी आल्या नव्हत्या, मग बेडपॅनही मीच. मॅनेजरसाहेब सगळ्या सिस्टरांपुढं म्हणाले, "इन्चार्ज असावी तर अशी." दिवसभर बरं वाटलं. जरा जास्तच.

रवि., १०
निपाणीला गेलते. तंबाखूच्या वखारीत बसून बसून आईची पाठ कायमची वाकलीय. म्हणाली, "इन्चार्ज झालीस न्हवं? मग खुर्चीत कवा बसतीस?" हसले नुसती.

गुरु., १४
काल माझी सुट्टी. दुपारी सहा नंबरच्या आजींना एकदम दम लागला. वॉर्डात सविता एकटी. सलाईनची सुई तीनदा हुकली. डॉक्टर येईपर्यंत फार वेळ गेला. आजी आयसीयूत.

शनि., १६
सविताला बोलावलं. झापायचंच होतं. "आठ वर्षं झाली तुला. शीर सापडत न्हाय?"
"अवघड शीर असली की तुम्हीच पुढं येताय, आक्का. मला कवा करू दिलंसा? तुमच्यासमोर चुकलो असतो तर शिकलो तरी असतो."
मग हळूच, "आमचं तुमच्यावाचून अडावं, एवढंच पाहिजे तुम्हाला."
झापायचं राहूनच गेलं.

रवि., १७
खुर्चीत बसले की वाटतं, दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसलेय, आता उठवतील. कुणाचं तरी काही करत असले की मगच मी. नाहीतर कोण? आणि ते करताना मला पेशंट दिसतो, की बघणारे...

मंगळ., १९
आजी गेल्या. त्यांच्या लेकीनं माझे हात धरले. "सिस्टर, त्या दिवशी तुमी असतासा तर आई वाचली असती." सविता मागंच उभी होती. म्हणायला हवं होतं की चूक तिची नाही, माझी. म्हटलं नाही. आणि क्षणभर, आत कुठंतरी, बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटतेय.

बुध., २०
सविता नजर देत नाही. विचारलेल्याला तेवढं उत्तर. "व्हय, सिस्टर." 'आक्का' म्हणणं गेलं.

शुक्र., २२
नवीन पेशंट, म्हातारी, बारीक शिरा. ट्रे सविताकडं दिला, हात मागं बांधून उभी राहिले. पहिली सुई हुकली. म्हातारी कळवळली. मी एक पाऊल पुढं.
सविता मान वर न करता म्हणाली, "तुम्ही बाहेर जावा."
दारापर्यंत गेले. तिथून पुढं पाय निघेना.