नेमून दिलेली चूक

प्रिय वकीलबाई,

तुला या नावाने हाक मारायला अजून माझी जीभ वळते, याचाच मला राग येतोय. तरी मायना तोच ठेवला आहे, दुसरा सुचला नाही. परवा तुझ्या नमुना पाठाला आले, पहिल्या रांगेत बसले आणि पाठ संपल्यावर तुला न भेटता निघून गेले, म्हणून तुला चुटपुट लागली. फोनवर मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा दुखतोच, पण त्या दिवशी त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

घरी सगळं ठीक. ह्यांची बाग आणि माझी कटकट दोन्ही जोमात आहेत. हे रोज सकाळी चहा पुढे करताना विचारतात, काय हो, झाली का तुमच्या लाडकीची निवड? प्रशिक्षण केंद्राची प्रमुख तू व्हावीस हे माझ्याइतकंच त्यांच्याही मनात होतं. पुढे गणित शिकवायला उभी राहणारी सगळी पोरं-पोरी तुझ्या हाताखालून जाणार, ही काय साधी गोष्ट आहे? समितीने मला जुनी जाणती म्हणून बोलावलं, तेव्हा ही माझी विद्यार्थिनी आहे हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. चांगली मान ताठ करून सांगितलं. अध्यक्ष हसून म्हणाले, मग तर तुमचं मत आम्ही जास्त कडक धरू. मी म्हटलं, धरा.

तुला आठवतं का, हे नाव तुला कसं पडलं? अपूर्णांकांची बेरीज चालली होती. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, आणि तू उत्तर दिलंस दोन पंचमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी खोडायला गेले तर तू बाकावरून उठून उभी राहिलीस. म्हणालीस, बाई, मधल्या सुट्टीत आम्ही बादलीत चेंडू टाकत होतो. आधी दोन टाकले, एक पडला. मग तीन टाकले, एक पडला. म्हणजे पाचांत दोन पडले की नाही, तुम्हीच सांगा! वर्ग खो-खो हसला. तू हसली नाहीस, आणि मीही नाही. माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर होतं, तुझ्या बादलीचं नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि उद्या सांगते म्हणाले. त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना माझ्या डोक्यात चेंडूच पडत होते. भाजी करपली, ह्यांनी मुकाट्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात मी कागदाची एकच पट्टी दिली. म्हटलं, हिचं अर्धं घे, त्याला हिचाच तिसरा हिस्सा जोड, आणि सांग, अर्ध्यात भर घातल्यावर ते अर्ध्याहून कमी कसं होईल? तू घड्या घातल्यास, जोडून पाहिलंस, उलगडून पुन्हा घातल्यास. मग म्हणालीस, म्हणजे माझं अर्धं दोन चेंडूंचं होतं आणि तिसरा हिस्सा तीन चेंडूंचा, पूर्ण एकच नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितलं आणि चित्रकलेच्या मास्तरांनी तुला वकीलबाई करून टाकलं.

तुझ्या त्या चुकीवर माझी पुढची सगळी नोकरी उभी राहिली. बरोबर उत्तर कुठूनही येतं. पाठ करून येतं, शिकवणीतून येतं, शेजारच्या वहीतून येतं. चूक मात्र पोरांची स्वतःची असते, ती उसनी आणता येत नाही, असं मी प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगत आले. तुलाही सांगितलं. तू ते टिपून घेत होतीस.

आता परवाचा पाठ. दशांश अपूर्णांकांची तुलना. फळ्यावर शून्य पॉइंट चार आणि शून्य पॉइंट पस्तीस. तू विचारलंस, मोठं कोण? दोन वेण्यांची ती मुलगी टुणकन उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, शून्य पॉइंट पस्तीस, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे. तू रागावली नाहीस, खोडलं नाहीस. असं तुला का वाटतं, म्हणालीस. अगदी माझ्या सुरात. मग दहा घरांची पट्टी, शंभर घरांची पट्टी, एकेक पोर उठतंय, बोलतंय, आणि शेवटी त्याच मुलीला आपली चूक आपणच उमगतेय. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. माझे डोळे भरून आले होते, हेही तुला सांगून टाकते. वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

समिती चहाला गेली. मी शाल विसरले म्हणून परत वर्गात आले. तू नव्हतीस. पोरं बाकं सरळ करत होती. दोन वेण्यांची मुलगी धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, आजी, मी चूक बरोबर केली ना?

मला आधी कळलंच नाही. मग तिने सगळं हौसेने सांगितलं. तिचा आवाज मोठा, म्हणून चूक तिला दिली होती. शंका विचारायचं काम खिडकीजवळच्याला. पट्टी आधी उलटी धरायची आणि मग सुलटी करायची, ते शेवटच्या बाकाला. आठवडाभर तालीम झाली होती. तिच्या मैत्रिणीने तिला कोपराने ढोसलं, अगं, सांगायचं नव्हतं ना! एक जागा रिकामी दिसली म्हणून मी विचारलं, तुमच्यातलं कोणी आज आलं नाही का? ती म्हणाली, एक आहे, पण तिला बाईंनी लायब्ररीत पाठवलंय, ती मध्येच काहीतरी विचारते.

गेले मी लायब्ररीत. ती पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत होती, बोटं गोंदाने भरलेली. मी तिला तुझेच आकडे दिले. तिने लगेच सांगितलं, शून्य पॉइंट चार मोठं. उत्तर बरोबर! का, म्हटलं. म्हणाली, चार हे दहावे भाग आहेत, ते जाड असतात. पस्तीस हे शंभरावे, ते बारीक. जास्त तुकडे केले की तुकडा लहान होतो, असं बाईंनीच अपूर्णांकात शिकवलंय. मी विचारलं, मग शून्य पॉइंट चार आणि शून्य पॉइंट पासष्ट? तरीही चारच, म्हणाली. जाड ते जाड. काल तालमीत हेच विचारलं तर बाई म्हणाल्या, उद्या तू लायब्ररीत मदत कर.

अगं, केवढी सुंदर चूक आहे ही! दशांश चिन्ह आलं की पोरं अपूर्णांक दाराबाहेर ठेवून येतात. ही एकटी ते बरोबर घेऊन आली. तुकडा किती मोठा हे तिने पाहिलं, किती तुकडे आहेत हे पाहायचं राहिलं, एवढंच. आणि तू, बादलीवाली तू, तिला गोंदाची बाटली देऊन बाहेर बसवलंस.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी सरळ विचारलं, पाठ बसवलेला होता का? तू हसलीस. नाही हो बाई, माझी पोरं अशीच बोलतात, तुमचीच शिकवण ना, म्हणालीस. निवडीची धास्ती होती, समितीपुढे वर्ग अडला असता तर काय करू, असं म्हणाली असतीस तर मी समजून घेतलं असतं. कदाचित भांडून, पण घेतलं असतं. तू माझी शिकवण पुढे केलीस आणि तिच्याआड लपलीस. माझेच शब्द, माझाच सूर, आणि आत काही नाही. मी तिथे डोळे पुसत बसले होते!

समितीला मी आज सकाळी नाही म्हणून कळवलं. कारणही सांगितलं, लपवलं नाही. एका सदस्याचा विरोध होता, एवढंच तुझ्या कानावर येईल आणि तू उगाच दुसऱ्या कोणावर संशय घेशील. तो सदस्य मी आहे. पण एवढ्यासाठी तर दोन ओळीही पुरल्या असत्या. पत्र लिहिलं ते त्या लायब्ररीतल्या मुलीसाठी. पट्टी माझ्या पिशवीत होती, सवयीने हात गेलाही होता. मी पिशवी बंद केली आणि तिला म्हटलं, हे तू तुझ्या बाईंना विचार. मला पुन्हा पाठवतील, म्हणाली. नाही पाठवणार, असं मी तिला तुझ्या वतीने सांगून आले आहे. तिची चूक मी दुरुस्त केलेली नाही. ती मुलगी तुझ्या वर्गातली आहे. उद्या तिला फळ्यापाशी बोलाव, समोर कोणी समिती बसलेली नसेल.

अजूनही तुझीच,
बाई