तातेरावांचे दोन ईसीजी

२० जानेवारी, सोमवार

मंठा रोडला टेंपो उलटला. एकदम अकरा जखमी! कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नाही. ज्याचं बोट कापलंय तोच सगळ्यांत जास्त ओरडतो. बाकीचे माझ्या टेबलावर हात आपटतात — "ओ ताई, आमचा नंबर कवा?" मी ईसीजी काढते, नंबर देत नाही. कुणाला पटत नाही.

त्या गर्दीत छातीत दुखणारा एकटाच. तातेराव, पिंपळगाव रेणुकाईचा, चाळिशीतला. सारखा दाराकडे बघत होता. "हलू नका" म्हणून दोनदा सांगावं लागलं. ईसीजी साफ. केसपेपरला जोडला, ड्यूटी संपली, निघाले.

२१ जानेवारी

तातेराव काल बाकावरच कोसळला.

ईसीजी साफ होता म्हणून डॉ. यशश्री मॅडमनी जखमी आधी घेतले, त्याला थांबायला सांगितलं. माझ्यानंतर ड्यूटीला आलेल्या संघपालनं पुन्हा ईसीजी काढला — मोठा झटका! लगेच संभाजीनगरला हलवलं. जगेल का, कुणी सांगत नाही.

साफ ईसीजी तासाभरात बिघडू शकतो. हे मला शिकवलंय. पण संघपालच्या कागदावर जुन्या झटक्याचीही खूण आहे. जुनी खूण तासाभरात उगवत नाही.

मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचा जोडलास."

कुणाचा? दुसरा काढलाच नव्हता!

२२ जानेवारी

मशीन तपासलं. स्वतःला वायरी लावून काढला, संघपालला झोपवून काढला. दोन्ही बरोबर. संघपाल म्हणाला, "नीट बघ माह्या दिलाकडं, दुसरं कुणी बघून न्हाई राह्यलं." मी हसले नाही. नंतर वाटलं, हसायला हवं होतं.

२३ जानेवारी

लेखी खुलासा मागितलाय. सोमवारी चौकशी. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं.

२५ जानेवारी

आता प्रत्येकाचा दोनदा काढते. रांग दाराबाहेर गेली. बेबीनंदा नावाच्या एक आजी उठून बसल्या — "एका दिलाचे दोन डाव कायला? पहिल्या डावाला खोटं बोलला का त्यो?" मागचे सगळे हसले. मी वायरी लावत राहिले.

चूक सापडली असती तर कबूल केली असती. सुटका झाली असती. चूक सापडत नाही, आणि तो माणूस तिकडे मरणाच्या दारात आहे. हात तेच आहेत, पण आता माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

२६ जानेवारी

खुलासा लिहिला — मशीन ठीक, वायरी ठीक. पुढे काय लिहू?

२७ जानेवारी, सोमवार

चौकशीच्या खोलीबाहेर तातेराव! स्वतःच्या पायांवर, हातात पिशवीभर हुरडा. मी उभीच राहिले. "अहो, बरे झालात?"

"मला काय झाल्तं, ताई? मी मच्छिंद्र. तातेराव माहा मोठा भाऊ. वाचला त्यो! काल बोलला." मग जवळ येऊन, हळूच — "त्याला आननाऱ्या गाडीला टाइम लागून राह्यल्ता. मंग मी मोटरसायकलीवर पुढं आल्तो. त्याच्या नावानं केसपेपर काढला अन् त्याच्या जागी मीच झोपलो. म्हनलं, नंबर जायला नको. त्यो आला तसं त्याला बाकावर बसवलं, कागद हातात देला. तेवढंच जल्दी झालं. बराबर केलं ना?"

हे खोलीबाहेरच्या बाकावर लिहितेय. मला अजून आत बोलावलेलं नाही. तो शेजारी बसलाय. त्याला वाटतं, मी कामाचं काही लिहितेय.

आत्ताच पुन्हा विचारलं — "ताई, बराबर केलं ना मी?"