गाडीवर कुणी उभं राहायचं नाही

सोमवार, ९ जानेवारी

पहिल्याच दिवशी भांडण. तेही सख्ख्या भावाशी.

जुने इनचार्ज गेल्या आठवड्यात निवृत्त झाले, आजपासून पंपहाऊसची स्विचरूम माझ्याकडे. सकाळी सगळ्यांना पॅनेलसमोर गोळा केलं आणि पहिलीच गोष्ट सांगितली – यापुढे लिफ्ट ट्रकवर कुणी उभं राहायचं नाही. सगळे एकदम दादाकडे बघायला लागले. कारण 'कुणी' म्हणजे दादाच. दुसरं कोण उभं राहतं?

इथे वर्षानुवर्षं ब्रेकर, म्हणजे पंपाचा मोठा स्विच, असाच निघतो. कपाटाएवढ्या पॅनेलमधून तो जडशीळ ठोकळा लिफ्ट ट्रकच्या, म्हणजे ओझं उचलायच्या ढकलगाडीच्या, पुढच्या काट्यांवर ओढला की ट्रक नाक खाली घालतो, मागची चाकं जमीन सोडतात. मग दादाला हाक. दादा मागच्या पाट्यावर चढतो, चाकं खाली बसतात. अख्ख्या पंपहाऊसमध्ये त्याच्याएवढा वजनदार माणूस नाही. हलक्या पारड्यात वजन टाकतात तसा तो, म्हणून सगळे त्याला 'पासंग' म्हणतात. त्याला राग येत नाही. उलट छाती फुगते!

आज फुगली नाही. "बरं, मॅडम," म्हणाला आणि बाहेर गेला. जन्मात कधी मला मॅडम म्हणाला नव्हता.

बुधवार, ११ जानेवारी

वहिनीचा फोन. "वन्सं, काय केलंत हो? दोन दिवस अर्ध्या ताटावरून उठतायत."

मी म्हटलं, बरंच की, तेवढंच वजन उतरेल. ती हसली नाही. मलाही बोलून झाल्यावर लाज वाटली.

दादाचा डावा गुडघा पार झिजलाय. डॉक्टर म्हणतात बदलू, पण आधी वजन उतरवून या, या वजनावर मी भूल देण्याची जोखीम घेणार नाही. आणि फार लांबवलंत तर मांडीतली ताकद जाईल, मग नवा गुडघा बसवूनही चाकांची खुर्चीच. हे ऐकून वर्ष उलटलं. दादाचं उत्तर ठरलेलं – "वजन गेलं तर कामावर मला कोण विचारणार?" वहिनी म्हणते, पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवार, १२ जानेवारी

दादा अजून रुसलेलाच. चहाला माझ्याकडे पाठ करून बसला.

सोमवार, १६ जानेवारी

जुन्या ट्रकला इथे 'म्हातारी' म्हणतात. आज म्हातारीला नीट तपासलं. किती वजन उचलायचं त्याची पाटी सापडेना. शेवटी बोटाला उंचवटा लागला – दर वेळी ट्रक रंगवताना पाटीवरूनही ब्रश फिरवत आलेत! खरवडून वाचली. मग ब्रेकरवरचं वजन वाचलं. मग परत पाटी.

ब्रेकर त्याहून जड आहे. थोडाथोडका नाही.

म्हणजे म्हातारी या कामाची कधी नव्हतीच. चाकं उचलली जायची ती तिची तक्रार होती, आणि आम्ही काय केलं, तर तिच्यावर वरून आणखी दादा चढवला. ट्रकची साखळी तुटली असती, किंवा खांब वाकला असता आणि ब्रेकर पुढे कोसळला असता, तर मागचा पाटा वर उडाला असता. दादासकट. तिथेच स्टुलावर बसले.

आमचा फिटर म्हणाला, "इतकी वर्षं काही झालं नाही ना ताई?" चांगला माणूस आहे, पण हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. डोळे मिटून रस्ता ओलांडणाराही पलीकडे पोचला की हेच म्हणतो.

म्हातारीच्या चाकांना साखळी घातली. किल्ली माझ्याकडे.

बुधवार, १८ जानेवारी

साहेबांनी बोलावलं. तीन नंबर पंपाचा ब्रेकर उन्हाळ्याआधी बदलायलाच हवा, नाहीतर अर्ध्या गावाचं पाणी अडेल. मी म्हटलं, मग योग्य ट्रक मागवा. ते म्हणाले, मागवतो, पण वेळ लागेल, तोवर एकदाच पासंगला उभं करा. तुमचाच तर भाऊ आहे, त्याची काही हरकत नसेल.

"माझी आहे," म्हटलं.

लहान तोंडी मोठा घास. पण साहेब चिडले नाहीत. पेन टेबलावर आपटत बसले थोडा वेळ, आणि माझ्यासमोर फोन लावला.

रविवार, २२ जानेवारी

दादा घरी आला. मी दारात उभी राहून ऐकत होते – एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग दम. एकाच मजल्याला किती वेळ!

बसल्या बसल्या सुरू झाला. "सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती, बारके? आधी घरी सांगितलं असतंस."

खरं होतं ते. मी इनचार्जगिरीच्या तोऱ्यात होते. पण मी कसली नमते! म्हटलं, घरी सांगितलं असतं तर ऐकणार होतास?

मग म्हणाला, "बागेतली ती फळी आठवते? खालीवर व्हायची ती. माझ्यासमोर बसायला कुणी सहजी तयार नसायचं. मी बसलो की समोरचं पोर वर लटकायचं आणि सगळी हसायची. इथे पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, ये बाबा, तुझ्यावाचून अडलंय."

आठवते म्हणजे काय. लटकणारं पोर मीच असायचे. मला वर लटकायला फार आवडायचं, तिथून शेजारच्या गल्लीतली कुत्री दिसायची. हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं. "कुत्री?" म्हणाला. बऱ्याच दिवसांनी हसला.

निघताना मात्र परत तेच. "आता मी तिथे काय करायचं, ते सांग." तो गेल्यावर रडले.

सोमवार, ६ फेब्रुवारी

आला! नवा लिफ्ट ट्रक आला. ठेंगणा, रुंद, पुढे दोन पाय पसरून उभा. ओझं या पायांच्या आत राहतं, म्हणून नाक खाली जात नाही. पाटी समोरच, ठसठशीत. ब्रेकरपेक्षा बरंच जास्त उचलतो. चाकांना ब्रेक, आणि खाली दोन हूक – ट्रक पॅनेलला लावला की हे हूक पॅनेलच्या खाचेत अडकवायचे, म्हणजे ब्रेकर ओढताना ट्रक मागे सरकत नाही.

बरोबर शिकवायला एक बाई आल्यात. नाकावर माशी बसू देत नाहीत. फिटर ट्रकला टेकून उभा राहिला तर म्हणाल्या, "भिंत तिकडे आहे." मला एकदम आवडल्या.

बुधवार, ८ फेब्रुवारी

ट्रक चालवायची परवानगी हवी तर सगळं एकट्याने करून दाखवायचं. भंगारातला एक रिकामा ब्रेकर सरावाला घेतलाय. फिटर दुसऱ्या खेपेला पास झाला. पहिल्या खेपेला ओझं वर ठेवूनच ट्रक ढकलायला निघाला होता. बाई ओरडल्या नाहीत, नुसत्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. "आधी खाली घ्या, मग हला. मी इथेच आहे."

दादा कोपऱ्यात होता. बाईंनीच विचारलं, तुम्ही नाही करणार? तो आला. आणि काय सांगू, हात छान चालतो त्याचा! हँडल कसं संथ फिरवत होता, ट्रकचं टेबल पॅनेलच्या पातळीला आणून थांबवलं ते अगदी बेताने. फिटर म्हणाला, वा रे पासंग.

पुढे हूक. हूक अडकवून, खाली वाकून तो खाचेत पूर्ण बसला की नाही ते बघायचं असतं. दोन्ही बाजूंनी. दादा वाकला आणि अर्ध्यावरच अडकला. गुडघा दुमडेचना. पॅनेलला धरून पुन्हा प्रयत्न केला. चेहरा घामाने भिजला.

फिटर पुढे झाला – "मी बघतो रे, बसलाय हूक. तू पुढे चल." मी बाईंकडे बघितलं. त्या दादाकडेच बघत होत्या.

दादानेच हँडल सोडलं. "नको. हूक सुटला तर ट्रक मागे जाणार, ब्रेकर मधल्यामध्ये पडणार. ज्याने ओढायचा त्यानेच बघायला पाहिजे." आणि लंगडत बाहेर गेला.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

दादा केबिनमध्ये आला. दार लावलं. "त्या बाई परत कधी येणार?"

म्हटलं, पावसाळ्यानंतर, राहिलेल्यांची परीक्षा घ्यायला.

टेबलावरचा वॉशर उचलून फिरवत बसला. मग म्हणाला, "डॉक्टरांचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

आहे का म्हणे! पाठ आहे.

गुरुवार, १६ मार्च

तीन नंबरचा ब्रेकर बदलला!

वीज बंद केली, कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात. मीटर लावून बघितलं, सप्लाय गेल्याची खात्री केली. ब्रेकरच्या आतली स्प्रिंग मोकळी केली, कारण ताणलेली राहिली तर हात तोडते. जमिनीवर एक पाना पडला होता तोही उचलायला लावला. चाकाखाली एवढासा पाना आला तरी पुरतो. फिटरने हूक बघितले, मी बघितले. जुना ब्रेकर टेबलावर सरकला, खटका बसला. ट्रक तसूभर हलला नाही. मागची चाकं जमिनीवर. मागे कुणी उभं नसताना ती जमिनीवर टेकलेली मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघितली.

दादा जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर उभा होता, भिंतीला टेकून. सवयीने एक पाय पुढे टाकला, आणि स्वतःच मागे घेतला. नंतर पाणी पिताना म्हणाला, "काय गुळगुळीत चालतो गं." हळहळ होतीच आवाजात, पण कौतुकही होतं.

रविवार, २३ एप्रिल

वहिनीचा फोन. दादाने कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं – आतल्या बाजूला! साखर बंद, तळलेलं बंद, सकाळी तलावात पोहायला जातो कारण पाण्यात गुडघा दुखत नाही. "घरात नुसती काकडी आणि चिडचिड आहे," म्हणाली. आवाज कधी नव्हे इतका आनंदी.

मंगळवार, ९ मे

फिटर दादाला म्हणाला, "आता तर तू पासंगालाही पुरणार नाहीस." सगळे खो खो हसले. दादाने त्याला चहा पाजला.

शनिवार, १७ जून

मध्यंतरी तीन आठवडे वजनाचा काटा जागचा हलेना तेव्हा दादाने सगळं सोडून द्यायचं म्हटलं होतं. एक अख्खा केक खाल्ला, एकट्याने. वहिनी रडली, मी ओरडले. दुसऱ्या दिवशी आपणहून तलावावर गेला. आज डॉक्टरांनी तारीख दिली. चार जुलै.

मला एवढा आनंद झालाय की भीतीच वाटतेय.

मंगळवार, ४ जुलै

आत नेलंय. वहिनी सोबत. तिचा हात माझ्या हातात. लिहिणं होत नाही.

नंतर – बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं, उद्या उभं करू. सुटले!

गुरुवार, ६ जुलै

दादा आज दोन पावलं चालला. मग थकून झोपला.

दुपारी जुने इनचार्ज बघायला आले. व्हरांड्यात माझ्याजवळ बसले. म्हणाले, "माझ्या जागी फिटरचं नाव जवळजवळ ठरलं होतं. तुझा भाऊ माझ्या घरी आला. म्हणाला, बारकीला घ्या. मला त्या गाडीवर आता फार भीती वाटते, रोज वाटते. पण सगळे हाक मारतात, माझ्याच्याने आपणहून उतरवत नाही. ती आली तर पहिल्या दिवशी उतरवेल."

सहा महिने मी समजत होते, मी उतरवलं.

आत गेले. तो झोपलाच होता. पायाखालची उशी सरकली होती, ती नीट केली आणि शेजारी बसून राहिले.