पेटीला पाठ लावून

राजापेठ, अमरावती
ता. १९ फेब्रुवारी १९६८

चि. देवमन यास अक्काचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघी खुशाल आहोत. तू केशरसाठी सुचवलेले स्थळ काल घरी येऊन गेले. पुंजाजी तायडे बोलायला मोकळे आहेत, मान्य. त्यांचा श्रावण दिसायला नीटनेटका आहे, बांधकाम खात्यात नकाशे उतरवण्याची नोकरी आहे, सगळे तू सांगितलेस तसेच. केशरला पाहून त्यांनी जागच्या जागी होकारही दिला. तरी माझे मन घेत नाही.

मी मुलाला विचारले, चहात साखर जास्त तर नाही झाली? तर म्हणतो, हो, बडनेऱ्यावरूनच आलो. पुंजाजी लगेच हसून म्हणाले, प्रवासाने शिणला आहे. केशरने वाचनाची आवड विचारली, त्यावर नुसता हसला. पुढे मी जे जे विचारले त्याचे उत्तर बापाने दिले. माझ्या वर्गात असा मुलगा असला की मी ओळखते, याचे लक्ष खिडकीबाहेर आहे. त्या खिडकीबाहेर कोण आहे, हे मला कळले पाहिजे.

कारण शेजारच्या गंगूबाई म्हणतात, हा मुलगा त्यांनी आधीही राजापेठेत पाहिला आहे, आणि दर रविवारी पाहतात. अकोल्याच्या मुलाचे दर रविवारी इथे काय काम? तुला माहीत नव्हते, की माहीत असून गिळलेस?

केशरचे बाबा गेल्यापासून तिची आई मी आणि बापही मीच. मला फसायची सोय नाही. चतुराला जयभीम, लेकरांना पापे. राग आला तर येऊ दे, पण उत्तर लवकर पाठव. लोभ आहेच, तो टिकवणे तुझ्या हाती.

तुझी
मनकर्णाअक्का

---

अकोला
ता. २६ फेब्रुवारी १९६८

ती. अक्कास देवमनचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून चतुरा म्हणे, अक्काले शाळेत कावून घातलं, पोलिसात घालाले पायजे होतं. मी काही गिळलं नाही. श्रावण हौसेनं ऑर्केस्ट्रात वाजवते हे तुले सांगितलंच होतं. काय वाजवते ते मलेही धड माहीत नव्हतं. म्हणून ऑर्केस्ट्राचे मालक वामनराव यांच्याकडे जाऊन आलो.

त्याले बास गिटार म्हणतात. चार जाड तारा, अन् आवाज असा खोल की विहिरीतून कोणी बोलून राहिलं. पण ते विजेचं वाद्य आहे. नुसतं छेडलं तं डासाएवढंही वाजत नाही. त्याले पेटी लागते, आवाज वाढवायचं मशीन अन् स्पीकर एकातच बसवलेली. आपल्याकडे भाड्यानं मिळतात ते कर्णे. भाषणाले ठीक, पण खालचा सूर कर्णा खाऊन टाकते. तशी पेटी तुमच्या राजापेठेतला खुशालराव रेडिओवाला बनवते. म्हणून रविवारच्या चकरा. झालं समाधान?

माझं नाही झालं, अक्का. वामनराव म्हणतात, खुशालरावानं एक पेटी कवाची दाखवली आहे. हलकी, मागून उघडी, एकटा माणूस उचलून एस्टीच्या टपावर टाकीन अशी. आवाजही लख्ख. हा म्हणते, नाही पायजे. याले पायजे मोठ्ठा स्पीकर, जाड फळ्यांची, मागून बंद पेटी, चौघांनी उचलावं असं धूड. वामनरावांच्या मनात आहे की दुकानदाराशी याचं आतून काही जमलं. मंग मी त्याच्या हापिसात गेलो. तिथला शिपाई म्हणे, तायडेबाबू एका हाकेत उठते कवा, अन् कवा पुतळ्यासारखा बसून राहते, मूड पाहूनच बोलावं लागते. हा मूड बाटलीतला तं नाही? इकडचं मी पाहतो, तू तिकडून दुकान पाह्य.

केशरले आशीर्वाद. लहान भावावर जसा जीव ठेवला तसाच ठेव.

तुझा
देवमन

---

राजापेठ, अमरावती
ता. ११ मार्च १९६८

चि. देवमन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हापिसात कारकुनी करतोस आणि पत्र बोलतोस तसे लिहितोस. भेटलास की कान धरीन.

काल बंद पडलेला रेडिओ घेऊन खुशालरावाच्या दुकानात गेले. पडला नव्हता, त्याची एक तार मीच ओढून काढली होती. रेडिओ उघडता उघडता तो पेट्यांवर बोलू लागला, आणि तो माणूस एकदा सुरू झाला की थांबत नाही. म्हणे, जाड तारेचा सूर खूप हवा ढकलतो, म्हणून स्पीकर मोठा लागतो आणि पेटी मागून बंद लागते. उघडी पेटी पातळ तारांच्या गिटारीला चांगली. तिच्यावर हे वाजवले तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात, आणि मशीन वाढवले की स्पीकरचा कागद पतंगासारखा फडफडतो. ड्रमवाला जोरात आला तरी पेटीत ताकद शिल्लक राहिली पाहिजे, नाहीतर सूर फाटतो. म्हणजे मुलाची निवड बरोबर आहे, वामनरावच चुकतात. मी थोडी निवळले.

पण मग खुशालराव आवाज उतरवून म्हणाला, गिऱ्हाईक चमत्कारिक आहे बाई. सगळे पेटीसमोर उभे राहून ऐकतात, हा तिला पाठ लावून बसतो.

तो आतच होता. मी पडदा सारला. श्रावण फरशीवर, गिटार मांडीवर, पाठ पेटीला टेकलेली, डोळे मिटलेले. वाजवणे थांबल्यावर मी हाक मारली, श्रावणराव. पुन्हा मारली. त्याची होणारी सासू दोन पावलांवर उभी, आणि हा पापणी हलवत नाही! मागून खुशालराव सहज बोलला की कोणी आले आहे, तर लगेच डोळे उघडले. मला पाहून जयभीम केला, आणि चेहरा असा झाला की जणू चोरी पकडली.

देवमन, रेडिओवाल्याला उत्तर आणि मला नाही, हा निव्वळ गर्व आहे. नाहीतर त्याच्या मनात हे लग्नच नाही आणि बापाच्या धाकाने तो उभा आहे. दोन्हीपैकी काहीही असले तरी माझी मुलगी त्यात जाणार नाही. तरी घाईने नाही म्हणत नाही, तू बाटलीचे बघून घे. चतुराची तब्येत कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
अक्का

---

अकोला
ता. १६ एप्रिल १९६८

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि.

परवा जयंतीच्या मंडपात जे पाहिलं ते तुले लिहिल्याबिगर राहवत नाही. श्रावणच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. ती धूड पेटी चौघांनी स्टेजवर चढवली. खोटं कायले बोलू, आवाज असा की पायाखालची फळी गोड थरथरे. ड्रम दणदणे, तरी त्याच्या खालून याचा सूर सरळ चालून राहिला होता. मले वाटलं, पोरगा गुणी आहे, आपणच नसते संशय घेऊन राहिलो.

अन् मधातच मायकानं शिट्टी धरली. असली कर्कश की साऱ्या मंडपानं कानावर हात ठेवले. गाणारी बाई मायक सोडून मागं सरली. ड्रम थांबला, बाजा थांबला, वामनराव मशीनकडे पळाले. अक्का, श्रावण एकटा वाजवून राहिला. डोळे मिटून, मान हलवत, हसत, जसं काही झालंच नाही. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, पिऊन आला रे! जयंतीच्या दिवशी! स्वयंसेवक चढले अन् त्याले दंडाले धरून खाली आणलं. पुंजाजी तिथंच होते, ते मान खाली घालून निघून गेले.

मी मुद्दाम त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोललो. दारूचा वास नाही. पान नाही, बिडी नाही. डोळे साफ. मी विचारलं, कावून थांबला नाही बाप्पा? तं माझ्याकडे पाहून म्हणे, चुकलं माझं. दुसरं काही नाही. मंग एकटाच पेटीले दोर बांधत बसला.

पिलेला नाही, येडा नाही. मंग काय आहे? मले समजून नाही राहिलं, अन् जे समजत नाही तिथं भाचीले कसं देऊ? तू म्हणशीन तं मी पुंजाजीले नाही कळवतो. तुझ्या होकारात माझा होकार, तसाच नकारातही.

तुझा
देवमन

---

राजापेठ, अमरावती
ता. २० एप्रिल १९६८

ती. देवमनमामांस केशरचा सविनय जयभीम. वि. वि.

मामा, हे पत्र आईला न सांगता लिहीत आहे. तिने तुमचे पत्र मला वाचून दाखवले आणि तिथेच नकार लिहायला बसली. शाई संपली असे मी तिला सांगितले आहे.

आईने हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही. मी बोलले ते ऐकू गेले नाही. खुशालराव बोलले ते गेले, तुम्ही बोललात ते गेले. शिट्टी साऱ्या मंडपाला आली, त्यांना आली नाही, आणि जाड तारेचा सूर मात्र येतो. त्यांच्या हापिसातल्या शिपायाला विचारा, तायडेबाबू कोणाच्या हाकेला उठतात आणि कोणाच्या नाही. मला वाटते, बारीक आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही.

मी चुकत असेन. म्हणून तुम्ही त्यांना घरी बोलवा. त्यांच्या पाठीशी उभे राहून आधी तुम्ही काही विचारा, मग तेच मामीला विचारू द्या. खरे निघाले तर मला फार राग येणार आहे, पण तो कशाचा ते मी ठरवीन. आई तर पहिल्या ओळीला स्थळ मोडील, म्हणून तिला शेवटपर्यंतचे एकदम कळवा.

भाचीवर रागावू नका, आणि रागावलात तरी हे काम करून मग रागवा.

तुमची
केशर

---

अकोला
ता. २७ एप्रिल १९६८

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि.

तुझी पोरगी आपल्या दोघांपेक्षा शहाणी आहे. तिनं मले चोरून पत्र लिहिलं, त्याच्यावर तिले बोलू नको.

श्रावणले चहाले बोलावलं. मी त्याच्या मागं उभं राहून म्हणलं, अमरावतीची गाडी आजकाल भरून येते का? त्यानं उत्तर दिलं. मंग चतुरानं तिथंच उभं राहून तेच विचारलं. तो बशीतला चहा फुंकून राहिला. तिनं पुन्हा विचारलं, तरी फुंकून राहिला. चतुरा पदर तोंडाले लावून आत गेली.

मंग मी समोर बसलो, अन् त्यानं सारं सांगितलं. लहानपणी मुदतीचा ताप आला, त्याच्यात मरता मरता वाचला. उठला तवा चिमण्या मुक्या झाल्या होत्या. आधी बासरी वाजवायचा, ते सुटली. म्हणे, मायचा आवाज दरसाल थोडा थोडा दूर गेला, आता ते बोलते तवा ओठ पाहतो. बाप्या माणसांचं बोलणं बरंच येते. बासचं सारंच येते, अन् जे कानाले येत नाही ते पाठीले येते. म्हणून बंद पेटी, म्हणून मोठा स्पीकर. उघड्या पेटीची फळी थरथरत नाही म्हणे. हापिसात कळलं तं नोकरी जाईन ही भीती. बापाले त्यानं म्हणलं होतं, मुलीकडच्यांना सांगा. पुंजाजी म्हणे, लग्नानंतर सांगू. मी विचारलं, अन् तुले तोंड नव्हतं? तं म्हणे, होतं, मामा. तेच चुकलं.

पुंजाजीले मी चार शब्द ऐकवून आलो, अन् त्यांनी ऐकून घेतले. आता तुम्ही मायलेकी ठरवा. मी मधात पडत नाही. जीव टांगणीले आहे, लवकर लिही.

तुझा
देवमन

---

राजापेठ, अमरावती
ता. ६ मे १९६८

चि. देवमन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचून मी पहिल्यांदा नकारच लिहिला होता. कानाचे सोड, लपवले हे मला सोसत नाही. केशर म्हणाली, मला त्यांना समोरासमोर विचारायचे आहे, मग ते पत्र टपालात टाक. काल रविवार होता, दोघी दुकानात गेलो.

ती त्याच्या समोर उभी राहिली आणि सावकाश विचारले, त्या दिवशी माझे किती शब्द तुम्हाला ऐकू आले? तो म्हणाला, एकही नाही. मग होकार कशाच्या जोरावर दिलात? तर म्हणाला, बाबा फुशारकी मारत होते तेव्हा तुम्ही चहा देता देता हसू दाबत होतात. वाटले, या माणसाला खरे सांगता येईल. आणि मग सांगितले नाही.

केशरने त्याला वाजवायला सांगितले आणि चक्क फरशीवर बसून पेटीला पाठ लावली. मी खुशालरावाकडे पाहिले, तो भला माणूस सुपारी आणायला बाहेर गेला. उठली तेव्हा तिचे डोळे ओले होते, पण बोलली ते कोरडे. म्हणाली, हापिसात आणि वामनरावांना तुम्ही स्वतः सांगा. नोकरी गेली तर काय करायचे ते आपण दोघे बघू. पण मी लपवाछपवीच्या घरात येणार नाही.

त्याने मान डोलावली. देवमन, हा मान फार डोलावतो, म्हणून माझा भरवसा नाही. त्याने खरोखर सांगितले का, ते तू हापिसात जाऊन पाहा. सांगितले असेल तर तारीख काढू. भावाच्या शब्दावर मुलगी देते आहे, एवढे ध्यानात ठेव.

तुझी
अक्का

---

अकोला
ता. २२ जुलै १९६८

ती. आईस केशरचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रे मिळाली. तिन्हींत एकच प्रश्न आहे, म्हणून एकदाच उत्तर देते.

हापिसात खरेच साऱ्यांना माहीत आहे. साहेबांनी यांचे टेबल दाराकडे तोंड करून ठेवले, म्हणजे येणारा दिसतो. वामनरावांनी मात्र लग्नाआधीच काढले ते काढलेच. म्हणाले, मायकाची शिट्टी न कळणारा माणूस स्टेजवर नको. हे त्या दिवसांत जेवत नव्हते म्हणे. आता मूर्तिजापूरच्या एका गायन पार्टीत जातात. तिथला गाणारा भारदस्त आवाजाचा आहे, आणि तबलेवाला यांच्या डोळ्यांसमोर बसतो. पेटी टपावर चढवताना एस्टीचा कंडक्टर दरवेळी भांडतो, ते भांडण यांना पूर्ण ऐकू येते.

तू विचारतेस, माझे बोलणे त्यांना कळते, की नुसती मान डोलावतात? मलाही तोच संशय होता. म्हणून काल चुलीपाशी बसून, त्यांची पाठ माझ्याकडे असताना, मी मोठ्याने म्हणाले, तुमची आई भाजीत मीठ टाकते की खडीसाखर? त्यांना आले नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांना आले.

संध्याकाळपर्यंत तानुबाई, म्हणजे सासूबाई, माझ्याशी बोलल्या नाहीत. यांनी विचारले, माय कावून रुसली? मी समोर बसून सावकाश सगळे सांगितले. आई, एक शब्द सुटला नाही. इतके हसले की सासूबाईंनाही हसावे लागले. तेव्हा मान डोलावण्याची काळजी सोड. समोरून बोललेले सगळे पोचते. भाजी आजपासून माझ्याकडे आहे.

आता पुरे करते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आहेत आणि विचारून राहिल्या आहेत की माहेरी काय काय कळवून राहिली. मी म्हटले, पावसाचे. त्यांचा विश्वास बसलेला दिसत नाही. इकडे मामा-मामी खुशाल आहेत, आणि मुलीवरची माया पाठवत राहा.

तुझी
केशर