नाही म्हणायचं बटण

६ जानेवारी, सोमवार

डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला आले. टेम्पो रिकामा करायला वेळ लागला नाही. साताऱ्याहून निघताना निम्मं सामान वाटूनच टाकलं होतं. चव्वेचाळीसाव्या वर्षी नवी नोकरी, नवं गाव. भीती वाटेल असं वाटलं होतं, वाटतो आहे तो चक्क आनंद. (थोडी भीतीही असेल. रोजनिशीत उगाच शूर व्हायला नको.)

कलावतीकाकूंच्या घरातली मागची खोली मला मिळाली आहे. काकू एकट्याच राहतात, मूळच्या मालवणकडच्या. त्यांचा भाचा सुदेश माझ्या नव्या कंपनीत प्रोग्रॅमर आहे, त्यानेच ही सोय केली. काकूंनी दारातच विचारलं, मासे चालतात की घाटावरची शिष्ट आहेस? चालतात म्हटल्यावर चहाच्या आधी बांगडे तव्यावर पडले. मला त्या ‘चेडवा’ म्हणतात, म्हणजे पोरी. मला पोरी म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसतात आणि संध्याकाळी वास येतो. काकू म्हणाल्या, वास आला तर घाबरू नकोस, थांबला तर घाबर. म्हणजे पोरांच्या नोकऱ्या गेल्या.

९ जानेवारी, गुरुवार

ऑफिस कोलशेतला, खाडीच्या बाजूला. जाताना शिळफाट्याच्या कोंडीत कंपनीच्या गाडीत एक झोप होते. आमच्या ॲपचं नाव ‘ओसरी’. सोसायट्या, गाववाल्यांची मंडळं, भजनी मंडळी यांनी एकत्र यावं, बोलावं, ठरवावं यासाठी ते आहे. माणसांना कुठे काय दिसेल, बटणावर कोणता शब्द असेल, बटण दाबल्यावर काय होईल, हे ठरवायचं काम माझं.

अडचण सगळीकडे तीच. ग्रुप उत्साहाने निघतात, मग शांतता. सुदेशच्या भाषेत, “ताई, चार दिवस लग्नघर, मग डायरेक्ट स्मशान.” आमच्या प्रमुख रुचिता माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि फार हुशार. त्यांना असं काही हवं आहे की म्हाताऱ्या माणसालाही एका बोटात उत्तर देता यावं.

सुदेशने एक कल्पना सांगितली. त्यांच्या गावाच्या मंडळात गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तेच बटण करूया, म्हणाला. मी हसले. मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

गाऱ्हाणं न ऐकता बटण काढणं मला पटेना, म्हणून काकूंबरोबर मंडळाच्या सभेला गेले. डोंबिवलीतला एक छोटा हॉल, चहा, शेव, खुर्च्यांची खडखड. गुणाजीभाऊ मंडळाचे जाणते. ते उभे राहिले आणि हॉल एकदम गप्प झाला.

पोरांना नोकऱ्या दे म्हाराजा; आजाऱ्यांना बरं कर म्हाराजा. प्रत्येक वेळी सगळ्यांचा एकच आवाज उठे. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्याही तोंडून ‘व्हय म्हाराजा’ निघालं. मी ठरवलं नव्हतं. भाऊंनी गेलेल्या माणसांचीही नावं घेतली आणि त्यांच्या वतीने सगळ्यांनी होकार दिला.

नंतर मी भाऊंना विचारलं, एखाद्याला ते मागणं नको असेल तर तो काय करतो? ते हसले. नको असलेला गाऱ्हाण्याच्या वेळी हळूच उठून बाहेर जातो, विडी ओढतो. आत थांबलेला प्रत्येक जण ‘हो’च म्हणतो. देवासमोर ‘नाही’ कोण म्हणेल? आणि गेलेल्यांचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, ते खंय जातले? आसतच की! म्हणजे कुठे जाणार, इथेच आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

काम पुरं झालं, पण मन लागत नाही. म्हातारी माणसं वेगळं पान उघडत नाहीत, म्हणून मी असं केलं की ग्रुपवर कुणी काही मागणं लिहिलं (अमुक होऊ दे, तमुक मिळू दे), तर त्या संदेशाखाली ‘व्हय म्हाराजा’ हे बटण आपोआप यावं. ‘नाही’चं बटण ठेवलं नाही, कारण प्रथेत ते नाही.

इथवर ठीक होतं. मग रुचिता म्हणाल्या, पाच जणांनीच दाबलं तर मागणाऱ्याला ओसाड वाटेल. संध्याकाळपर्यंत जो काही बोलला नाही, त्याचा होकार धरा. मी म्हटलं, न बोललेल्याच्या तोंडात शब्द घालायचा का? त्यांनी माझंच टिपण मला दाखवलं: आत थांबलेला प्रत्येक जण ‘हो’च म्हणतो.

याला उत्तर आहे. हॉलमधून उठून बाहेर जाता येतं. फोनमधल्या ग्रुपमधून माणूस उठत नाही, पडून राहतो. पण हे मला घरी आल्यावर सुचलं, आणि दुसऱ्या दिवशी मी ते बोलले नाही. मीही गप्प राहिले आणि माझा होकार धरला गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

काल माघी गणपतीच्या मुहूर्तावर मंडळाच्या ग्रुपवर सुरू केलं. कसं चालतं ते बघायला मलाही त्यात घेतलं. धमाल! भाऊंनी गाऱ्हाणं लिहून टाकलं आणि दुपारपर्यंत नावांखाली हिरवे होकार भरत गेले. काकू प्रत्येक होकार मोठ्याने वाचत होत्या. कल्याणच्या मितेशने, हा मंडळातला मोठा चेष्टेखोर पोरगा, लिहिलं, “देवा, भाऊंना नवीन दात मिळू दे.” त्यालाही धडाधड होकार. भाऊंनी स्वतः दाबलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काकू डोळे पुसत बसल्या होत्या. मी घाबरले. त्यांनी फोन पुढे केला: सगुणान् व्हय म्हटल्यान गो.

सगुणा त्यांची नणंद. दोन वर्षांपूर्वी वारली.

सुदेशला विचारलं. तो सहज म्हणाला, भाऊंनी गेलेल्यांचेही नंबर घालायला लावले. मंडळात नाव कापत नाहीत. म्हणजे माझ्याच नियमाने, संध्याकाळ झाल्यावर, मेलेल्या माणसांचा होकार धरला जातो आहे. ग्रुपमध्ये कोण आहे हे मी विचारायला हवं होतं. काकूंना खरं सांगू लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. माका म्हायती हा, म्हणाल्या, पण बरा वाटला.

त्यांना बरं वाटलं. मग मला का वाटत नाही?

१० फेब्रुवारी, सोमवार

रुचितांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात आवाज चढवला. नियम काढून टाकला. आता जो बटण दाबेल त्याचाच होकार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेलेल्यांचे होकार थांबलेले नाहीत.

जिवंत माणसांपैकी जे गप्प आहेत ते आता गप्पच दिसतात. सगुणाबाई मात्र होकार देतात. इतर गेलेलेही देतात, आणि संध्याकाळची वाट बघत नाहीत. मागणं आलं की लगेच, जिवंतांच्या आधी. सुदेशने दुपारभर शोधलं. जिवंतांचा प्रत्येक होकार कुठल्या तरी फोनवरून येतो, हे होकार कुठूनच येत नाहीत. त्याने विनोद करायचा प्रयत्न केला की ताई, या मंडळींना रेंज चांगली आहे. मग स्वतःच हसायचा थांबला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

परवा मितेशने ग्रुपवर लिहिलं होतं, काहीही होऊ दे पण सोमवारी ऑफिसला सुट्टी मिळू दे. जिवंतांनी हसणारे चेहरे टाकले. गेलेल्या सगळ्यांनी होकार दिले.

आज शहाडच्या पुलाजवळ त्याला टेम्पोने उडवलं. खांदा मोडला. त्याने प्लॅस्टरचा फोटो टाकला, खाली लिहिलं, मिळाली सुट्टी, थँक्यू पूर्वज! मंडळात हशा.

योगायोग असेल. मी असं तीन वेळा लिहून खोडलं. अपघात रोज होतात आणि मी घाबरट आहे. हे दोन्ही खरं आहे, तरी पटत नाही.

सुदेशला म्हटलं, बटणच काढून टाक. काढलं म्हणाला. ग्रुपवर ते दिसतंच आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी काकूंचे गुडघे दुखत होते. त्यांनी ग्रुपवर तेच लिहिलं जे त्या रोज जिना चढताना म्हणतात, घराघरातली म्हातारी माणसं म्हणतात आणि कुणी मनावर घेत नाही. आता देवान उचलल्यान तर बरा.

माझा फोन हातातच होता. बटण आलं.

मी ओरडले, काकू, पुसून टाका. त्यांना कळेना. मी त्यांचा फोन घेऊन पुसलं. आमच्या दोघींच्या फोनवरून गेलं. सुदेश ऑफिसातून सांगतो, त्याच्याकडे अजून दिसतं आहे. खाली सगुणाबाईंचा होकार. मग इतरांचे. एकेक, सावकाश, सभेत उठून बोलल्यासारखे.

दुपारी काकूंना धाप लागली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काकू दवाखान्यात, ऑक्सिजनवर. डॉक्टर म्हणतात छाती भरली आहे, वय आहे, सांगता येत नाही.

मी पायरीवर बसून लॅपटॉपवर ‘नाही’चं बटण केलं. पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते. सुदेशने ऑफिसातून ते चालू केलं. भाऊंना फोन करून विनवलं, तुम्ही एकदा दाबा, तुम्ही जाणते. ते म्हणाले, बाय, ज्यांच्या मांडीवर मी खेळलंय त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणू? सुदेशचंही तेच, बोट जात नाही म्हणाला. रडत होता.

मी मंडळाची नाही, माझ्या ‘नाही’ला तिथे काय किंमत? गाऱ्हाणं काकूंच्या नावावर आहे. काकूंनीच नाही म्हटलं तर? त्या शुद्धीत नाहीत. मी त्यांचा फोन घेतला आणि त्यांच्या नावाने ‘नाही’ दाबलं.

म्हणजे न बोललेल्या माणसाच्या तोंडात मी शब्द घातला. कळूनसवरून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काकू सकाळी उठून बसल्या. पेज मागितली. डॉक्टरही चकित. मला म्हणाल्या, चेडवा, तू काय झोपलंस नाय काय? मी त्यांच्या पायाशी डोकं टेकून रडले.

दुपारी मानपाड्याला कपडे न्यायला आले. फोन वाजला.

ग्रुपवर नवं गाऱ्हाणं. कुणाचं, ते नाव नाही. लिहिलं आहे की आमचं मागणं परत फिरवलं. दुसऱ्याच्या वतीने बोलणारी एक बाई आमच्या ओसरीवर आली आहे. आमच्या वतीने बोलायला कुणी नाही. ती आम्हाला मिळू दे.

होकार—

सगुणाबाई. इतर. मग भाऊ. मितेश. भाऊंना फोन लावला, ते शपथ घेऊन सांगतात की फोनला हात लावलेला नाही, जेवत होतो. सुदेशचा होकार. सुदेश माझ्याशी फोनवर बोलत असताना. काकूंचा. काकूंचा फोन माझ्या पिशवीत आहे, बंद.

दुपार, नंतर

एकच नाव राहिलं आहे. माझं. हॉलमध्ये मी त्या दिवशी ‘व्हय’ म्हटलं होतं, म्हणून मीही त्यांच्यातली आहे का?

‘नाही’ दाबते आहे. बटण दबत नाही, काचेवर बोट टेकतं आणि—

दार उघडं आहे. बाहेर ऊन आहे, शेजारचा रेडिओ चालू आहे. उठून बाहेर जायचं, एवढंच तर भाऊंनी सांगितलं होतं. उठता येत नाही. कुणी धरलेलं नाही. फक्त सगळे जमले आहेत असं वाटतं आणि मधूनच उठणं बरं दिसत नाही—

मोठ्याने नाही म्हणायला गेले. दुसराच शब्द आला. हात अजून माझा आहे. लिहिते. नाही. नाही. नाही. सुदेश, काकूंना सांग की मी नाही म्ह—

हे बघ, मी लिहिते आहे नाही, आणि कागदावर उमटतं आहे व्ह