अम्मींसाठी टीव्ही, जुना की नवा

१२ ऑगस्ट
टीव्ही गेला. आधी आडव्या रेघा, मग काळोख. मेकॅनिक म्हणाला, आत ओल शिरलीय, दुरुस्तीत अर्थ नाही. लोणावळ्याच्या पावसात दुसरं काय होणार! आमच्या नवऱ्याला आनंद लपवता येईना. सलीमला केव्हापासून नवा हवाच होता.
सासूबाई, आमच्या अम्मी, बंद टीव्हीसमोर बसूनच चहा प्यायल्या. कान गेल्यापासून दुपारच्या बातम्या नि संध्याकाळची मालिका, एवढंच त्यांचं जग. ऐकू येत नाही, मग बघतात तरी काय? पूर्वी "काय म्हनला?" विचारायच्या. हल्ली तेही नाही.

१४ ऑगस्ट
घरात दोन पक्ष. सलीम यंदाच्या मॉडेलचा. मी गेल्या वर्षीच्या. तेवढाच पडदा, भाव बराच कमी, अजून काय पाहिजे?
सलीम : "याला नुसता हुकूम सोडायचा. बोलून उत्तरपण देतो."
मी अम्मींना हातवारे करून समजावलं. त्या म्हणाल्या, "हुकूम दीन की मी. पन त्यानं काय उत्तर दिलं ते मला कोन सांगनार?"
हसून हसून मला ठसका. सलीम फुगून बसला.

१७ ऑगस्ट, रविवार
तिघं बाजारात. दुकानात दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी, दोन्हींवर त्याच बातम्या चालू. नव्याचे रंग बघून मीच फितूर झाले.
अम्मी म्हणाल्या, "आवाज बंद करा दोन्हींचा. म्हंजी तुमाला बी माज्यावानीच दिसंल."
मग जुन्या मॉडेलसमोर उभ्या राहून बातम्या देणारीचं बोलणं घडाघडा सांगायला लागल्या. धरणातून पाणी सोडलं, नदीकाठच्या गावांनी जपून राहावं... खालच्या पट्टीवर तर भलतंच होतं, क्रिकेटचं.
ओठांवरून! एकाच घरात राहून आम्हाला पत्ता नाही. मला दुकानातच रडू आलं.
नव्यासमोर मात्र अडल्या. "हिच्या तोंडाला लोनी फासल्यावानी दिसतंय. व्हट कळंना."
दुकानदार हळूच सलीमला, "जुनाच न्या. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय?"
अम्मी तिथूनच, "कळतंय की भाऊ. समदं कळतंय."
बिचारा लालेलाल. पण माणूस भला. सेटिंगमध्ये शिरून चेहरे गुळगुळीत करणारं काहीतरी त्याने बंद केलं. मग अम्मींना नवाही वाचता आला. वर म्हणतात, ह्यात मागच्या रांगेतला पुढारी काय पुटपुटतो तेही दिसतं!
झालं. न घेताच परत.

१८ ऑगस्ट
आता मी नव्याच्या बाजूची, सलीम जुन्याच्या. म्हणतो, सेटिंग पुन्हा बिघडलं तर अम्मी काय करणार? खरंय तेही.
काय बाई आहे! परंदवडीच्या शाळेत चार इयत्ता. कान गेले तर डोळ्यांना कामाला लावलं, आणि कुणापुढे रडगाणं नाही. मला असं जमलं नसतं. त्यांच्यादेखत आपण काय काय बोललो असू, ते आठवून मात्र अंगावर काटा येतोय.

१९ ऑगस्ट
सकाळी सलीम अम्मींसमोर मांडी घालून बसला. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "अम्मी, जुना की नवा?"
त्या बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.
"टीव्हीचंच इचारत असशील, ते मागनं बगू," म्हणाल्या. "आदी ती मिशी काप. कान गेल्यापासनं तुजं एक बोलनं मला दिसलं न्हाई."
सलीम उठून आरशाकडे गेला. अजून तिथेच आहे.